पहिली हाक

जानेवारीत उजनी धरणाच्या फुगवट्यावर पाखरं उतरली की भिगवणच्या आसपासच्या होडीवाल्यांना उसंत नसते. कुंभारगाव, डिकसळच्या काठावर पहाटेच गाड्या लागतात. पुण्या-मुंबईची माणसं कानाला मफलर गुंडाळून होडीत बसतात, धुक्यात रोहितांचे थवे शोधतात. नानाची होडी त्यातलीच. एरवी चिलापी, मरळ आणि भिगवणच्या मासळी बाजारातला लिलाव. हिवाळ्यात पाहुणे. वर्षभराच्या मासेमारीत मागं पडत नाहीत ते चार पैसे या दिवसांत पडतात.

संक्रांत नुकतीच झाली होती. शनिवार होता आणि रविवारच्या पहाटेच्या फेऱ्या फोनवर ठरून गेल्या होत्या. दुपारपासून नानाचा घसा खवखवत होता, दिवेलागणीला नाक गळायला लागलं, अंग कसकसायला लागलं. तो कुणाला काही बोलला नाही. चुलीपाशी न येता ओसरीच्या कडेला बसला, भाकरी तिथंच मागून घेतली. घरात दम्याची म्हातारी आई, आणि भावजयीचं सहा महिन्यांचं लेकरू. लेकरानं दोन्ही हात पसरले, तेव्हा "मासळीचे हात हायेत" म्हणून त्यानं तोंड फिरवलं.

पुतणीनं ते पाहिलं. ती पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते, सणाला घरी आली होती.

"नाना, कधीपासून?"

"कशाचं कधीपासून? उसाच्या फडाचा धूर लागलाय."

"धुरानं अंग दुखत नाही."

नाना गप्प राहिला. त्याच्या गप्प राहण्यालाही कारण होतं. करोनाच्या साली वस्तीवरच्या एका घरानं ताप आल्याचं सरळ सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वाटेवर काट्या पडल्या. बरे झाल्यावरही कितीतरी दिवस त्यांचं दूध कुणी घेतलं नाही. ते पाहिल्यावर वस्तीनं एक गोष्ट पक्की केली : अंगात ताप असला तर गोळी गिळायची आणि कामाला लागायचं. सांगायचं नाही.

"उद्या होडी काढली न्हाई तर लोक इचारणार," नाना म्हणाला. "एकदा का कळलं, की हा हंगाम गेला."

पुतणीनं वाद घातला नाही. आपण रोज काय पाहतो ते ती सांगायला लागली.

तिच्या प्रयोगशाळेत माणसाच्या नाकातून कापसाच्या काडीनं पेशी घेतात. बारीक छिद्रांच्या पडद्यावर त्या पसरतात. खालून पोषणाचं पाणी आणि वरून मोकळी हवा, म्हणजे नाकात असते तशीच मांडणी. चारेक आठवड्यांनी तिथं खरंखुरं अस्तर तयार होतं. काही पेशी चिकट द्रव पाझरतात. काहींच्या डोक्यावर केसांहूनही कितीतरी बारीक तंतू उगवतात आणि सेकंदाला दहाहून अधिक वेळा एका लयीत हलतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्या इवल्याशा कपात शेंबडाचा थर सावकाश गोल फिरताना दिसतो. नाकात आणि श्वासनळीत हाच थर धूळ, धूर, जंतू अडकवून घशाकडे वाहून नेतो. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

"मग आम्ही त्यात सर्दीचा विषाणू सोडतो. ऱ्हायनोव्हायरस. सर्दी सर्वांत जास्त त्याच्यामुळेच होते. तो सगळ्या पेशींत एकदम शिरत नाही नाना, आधी मोजक्या पेशींत शिरतो. आत गेला की आपल्या नकला काढायला लागतो. नकला काढताना दुपदरी आरएनए तयार होतो, तसा आपल्या पेशीत एरवी सहसा नसतो. पेशीत एक पहारेकरी प्रथिन असतं, एमडीए-५ नावाचं. ते नेमकं हेच ओळखतं. ओळख पटली की ती पेशी इंटरफेरॉन बाहेर सोडते. तीच तिची हाक."

इंटरफेरॉनचा शोध तसा जुना. 1957 साली लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडनमन कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर फ्लूच्या विषाणूचे प्रयोग करत होते. निष्प्राण केलेला विषाणू लागलेल्या पेशी असं काहीतरी बाहेर टाकतात, की त्यामुळे दुसऱ्या पेशींत जिवंत विषाणूही वाढू शकत नाही, हे त्यांना दिसलं. बोधकथेत पशुपक्षी बोलतात ते आपण मानून घेतो. पेशींच्या बाबतीत काही मानून घ्यावं लागत नाही, त्यांचं बोलणं मोजता येतं.

"हाक मारून ती वाचती का मग?" नानानं विचारलं.

"बरेचदा नाही. ती मरते. खालच्या थरातल्या पेशी वाढून तिची जागा भरून काढतात."

"आन् शेजारच्या?"

"त्यांना अजून काही झालेलं नसतं. पण हाक पोचली की त्यांच्यातली शेकडो जनुकं जागी होतात. विषाणूला आत येणं अवघड होतं. आलाच तर त्याचा आरएनए कापणारी प्रथिनं तयार असतात. वेळ पडली तर पेशी स्वतःचं प्रथिन बनवण्याचं कामही थांबवते, त्या कामावर विषाणूनं डल्ला मारू नये म्हणून. स्वतःचं नुकसान सोसते."

नाना थोडा वेळ विचार करत होता. "धरणातनं पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजवत्यात, तसं हाय हे. खाली पंढरपूरकडची माणसं भोंगा ऐकून नदीतल्या मोटारी वर काढत्यात. भोंग्याला कुणी शिव्या देत न्हाई."

या कथेत मला सर्वांत मोठी वाटते ती शेजारची पेशी. हाक मारणाऱ्या पेशीचं कौतुक कुणीही करील. पण तिची हाक कामी येते, ती ऐकणारी तिच्यावर डूख न धरता आपल्या कामाला लागते म्हणून. वस्तीवर नेमकं उलटं घडलं होतं. हाक मारणाऱ्याच्याच वाटेवर काट्या टाकल्या, त्यामुळे पुढच्या वेळी हाकच आली नाही. अशा गप्प वस्तीचा फायदा कुणाला? विषाणूलाच. फ्लूच्या विषाणूकडे एनएस-१ नावाचं प्रथिन असतं आणि या हाकेची गळचेपी करणं हे त्याचं मुख्य काम. करोनाच्या विषाणूकडेही अशी हत्यारं आहेत. पेशी गप्प राहावी म्हणून विषाणूला एवढी धडपड करावी लागते. वस्ती मात्र आपणहून गप्प बसली होती.

"आणि हाक उशिरा गेली तर?" नाना आता ओसरीच्या कडेवरून थोडा सरसावून, पण अंतर राखूनच बसला होता.

पुतणीनं आत, आजीच्या खाटेकडे पाहिलं. "मग विषाणू पसरतो आणि त्यानंतर शरीर आरडाओरडा करतं. सूज, शेंबूड, आत कफाचे गठ्ठे. सर्दीतला बराचसा त्रास त्या आरडाओरड्याचाच असतो. दम्याच्या काही माणसांच्या पेशींची पहिली हाक कमी पडते, असं काही अभ्यासांत दिसलंय. तुम्हाला आज एवढ्यावरच निभावलंय. हाच विषाणू आजीला गेला तर तिची छाती भरेल. त्यात ही थंडी. 2015 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात उंदरांच्या श्वासमार्गातल्या पेशींवर काम झालं. शरीराच्या आतल्या उबेपेक्षा नाकाच्या थंडाव्यात, तेहतीस अंशाला, हीच हाक कमजोर पडते असं निघालं."

आत म्हातारी खोकली. नुसताच खोकला होता, नेहमीचा. नानानं फोन हातात घेतला.

पहिला फोन त्यानं केला तो ज्याच्याशी त्याचं फेऱ्यांच्या नंबरावरून दरवर्षी वाजायचं त्या होडीवाल्याला. "मला सर्दी-ताप हाय. उद्याची माझी माणसं तू घे. काल आपण एका टपरीवर चहा घेतलाय, तुझ्या घरी ल्हान पोरं हायेत, ध्यान ठेव." पलीकडे बराच वेळ शांतता. मग आवाज आला, "बरं. औषध घे. तुझ्या फेऱ्यांचं पैसं तुझ्याकडं पोचत्याल, माझं डिझेल तेवढं कापून घेतो." नाना फोनकडे बघतच राहिला.

मग पुण्याच्या पाहुण्यांना कळवलं. एकानं कुरकुर केली, बाकीच्यांनी दुसरी होडी चालेल म्हणून सांगितलं. नानाची खाट पडवीत गेली, तोंडाला स्वच्छ रुमाल आला, ताट-तांब्या वेगळा झाला. आजीचा दम्याचा पंप कपाटाच्या वरच्या फळीवर असायचा, तो उशाशी आला. सोमवारी पुतणी तिला सरकारी दवाखान्यात दाखवून आली. दम वाढला तर पंप किती वेळा घ्यायचा आणि कुठल्या खुणेवर थेट दवाखाना गाठायचा, हे भावजयीलाही पाठ करून दिलं.

बुधवारी आजीला सर्दी झालीच. शनिवारी दुपारी, कुणाला काही ठाऊक नसताना, ती नानाच्याच तांब्यातून पाणी प्यायली होती, शेजारी बसून बोललीही होती. पण या खेपेला घर तयार होतं. छातीतल्या पहिल्या शिटीलाच पंप दिला गेला, रात्री पाळीपाळीनं कुणीतरी जागं राहिलं. चार दिवस ती खोकली आणि पाचव्या दिवशी उठून अंगणात उन्हाला बसली. मागच्या वर्षी याच दिवसांत तिला ऑक्सिजन लावायला लागला होता. लेकराला काही झालं नाही.

आठवड्यानं नाना पुन्हा काठावर गेला. त्याच्या माणसांनी आधीच्या रविवारी दिलेले पैसे तिथं त्याच्या हातावर मोजून पडले, डिझेल वजा करून. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे पाचला त्याचा फोन वाजला. तोच होडीवाला होता, आवाज बसलेला. "नाना, थोरल्या पोराला रात्रीपासनं ताप हाय, माझाबी घसा धरलाय. आज माझी माणसं तू घेशील का?"

नानानं होकार दिला आणि बाकीच्या होडीवाल्यांना सांगायचं कामही आपल्याकडे घेतलं.