शिकवणाऱ्याचा वेळ कोणाच्या खात्यावर?

मार्च उजाडला की पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंतच्या ऑफिसांत एकाच मजकुराच्या ईमेल फिरू लागतात. आपलं सक्तीचं ऑनलाइन ट्रेनिंग अपूर्ण आहे, महिनाअखेर पूर्ण करावं, नाहीतर मॅनेजरला कळवलं जाईल. पुढे काय होतं ते तिथे काम करणाऱ्या कोणालाही विचारा. व्हिडिओ म्यूट करून मागच्या टॅबमध्ये सोडून द्यायचा, हातातलं काम करत राहायचं आणि अधूनमधून डोकावून ‘नेक्स्ट’चं बटण उजळलं का ते पाहायचं. शेवटच्या प्रश्नावलीत ‘वरीलपैकी सर्व’ दिसलं की तेच निवडायचं. चुकलंच तर पुन्हा प्रयत्न करायची सोय असतेच. सर्टिफिकेटची पीडीएफ उतरते, डॅशबोर्डवरची लाल खूण हिरवी होते, एचआर खूश, मॅनेजर खूश. निव्वळ पाट्या टाकणं आहे हे, आणि टाकणाऱ्याइतकंच मोजणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी अभ्यासकाने १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या. लोकांना ते आवडलं का, त्यातून काही कळलं का, कळलेलं रोजच्या कामात उतरलं का, आणि त्यामुळे संस्थेचं काही भलं झालं का. इतक्या वर्षांनंतरही बहुतेक ठिकाणी गाडी पहिल्या पायरीवरच अडलेली आहे. सत्र संपता संपता भरून घेतलेला पाच तारकांचा फॉर्म म्हणजे मूल्यमापन! खरं तर त्याच्याही खालची एक पायरी आपण शोधून काढली आहे, ती म्हणजे माणशी किती तास झाले. तास मोजायला सोपे, म्हणून तास मोजायचे. तिसऱ्या पायरीचं उत्तर हवं असेल तर काही महिन्यांनी त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसावं लागतं, त्याचं काम पाहावं लागतं. तेवढी सवड कोणाला आहे?

वर्गातल्या शिकवणीला नावं ठेवायचा माझा इरादा नाही. इन्फोसिसच्या म्हैसूरच्या आवारात नव्याने भरती झालेल्या मुलांना राहत्या जागी काही महिने शिकवतात, इतर मोठ्या कंपन्यांनीही आपापल्या परीने तेच केलं. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल अशा कुठल्याही शाखेची मुलं घेऊन त्यांना प्रोग्रॅमर बनवणं हे भारतीय आयटी व्यवसायाचं मोठंच काम आहे आणि ते वर्गातच झालं. पण वर्ग सुटतो, प्रोजेक्ट मिळतो, आणि मग पुढची वीस-पंचवीस वर्षं माणूस शिकतो कुठे?

मला पटलेलं उत्तर मिळालं ते फोटोकॉपीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांकडून. ज्युलियन ऑर हा मानववंशशास्त्रज्ञ झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात होता. १९८०च्या दशकात तो कंपनीच्या दुरुस्ती-तंत्रज्ञांबरोबर हिंडला, त्यांच्याबरोबर जेवला, त्यांची बोलणी टिपत राहिला. ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ हे त्याचं पुस्तक १९९६ मध्ये आलं. कंपनीची समजूत अशी होती की मशीन बिघडलं की पडद्यावरचा एरर कोड पाहायचा, मॅन्युअलमध्ये त्या कोडपुढे दिलेली वाट धरायची, की काम फत्ते. पण मशीनं काही मॅन्युअल वाचून बिघडत नाहीत. एकदा असं झालं की मशीन दाखवत होतं तो कोड आणि त्याचं वागणं यांचा मेळच बसेना. तंत्रज्ञाने आपल्यापेक्षा जाणत्या माणसाला बोलावलं. त्यालाही उलगडेना. मशीन बदलून देणं सोपं होतं, पण ग्राहकासमोर शोभा झाली असती. मग ते दोघं तिथेच ठाण मांडून बसले. मशीन चालवून बघायचं, त्यावरून एखादी जुनी दुरुस्ती आठवायची, तो किस्सा सांगायचा, त्यातून दुसऱ्याला तिसरंच काही सुचायचं, की पुन्हा मशीन चालवायचं. असे साधारण पाच तास गेले आणि सुटे तुकडे जुळून आले. हा किस्सा मग त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पोहोचला आणि त्या दुरुस्तीच्या आसपासही नसलेल्यांच्या ज्ञानात जमा झाला.

आता हेच दृश्य व्यवस्थापकाच्या खुर्चीतून पाहा. एक मशीन, दोन माणसं, पाच तास गप्पा. कोणत्याही हिशोबात हे उधळपट्टीच्याच रकान्यात पडणार. आणि त्या दिवसाइतकं खरं प्रशिक्षण त्या दोघांना वर्षभरात दुसरीकडे कुठे मिळालं असेल असं मला वाटत नाही.

झेरॉक्सने पुढे यातून थोडा शहाणपणा घेतला, हे मान्य करायला हवं. तंत्रज्ञांच्या युक्त्या गोळा करणारी ‘युरेका’ नावाची व्यवस्था १९९०च्या दशकात उभी राहिली. एकाने युक्ती लिहायची, बाकीच्या तंत्रज्ञांनी ती पारखायची, मगच ती सगळ्यांसाठी खुली व्हायची. युक्तीमागे रोख बक्षीस द्यावं का, असा विषय निघाला तेव्हा तंत्रज्ञांनीच नको म्हटलं. पैसे लावले तर लोक मोजून मोजून युक्त्या टाकतील आणि कामाच्या चार त्यात हरवतील, हे त्यांना बरोबर कळलं होतं. त्यांना हवं होतं ते युक्तीखाली स्वतःचं नाव. आपल्याकडे ‘नॉलेज शेअरिंग’ला पॉइंट आणि व्हाउचर वाटणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

जाणत्याच्या शेजारी खऱ्या कामात हात घालायला मिळणं हा शिकण्याचा गाभा असेल, तर ती शेजारची जागाच नाहीशी झाली की काय होतं? मॅट बीन या अमेरिकी संशोधकाने रोबोटच्या मदतीने होणाऱ्या शस्त्रक्रियांचा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या शस्त्रक्रियेत शिकाऊ डॉक्टरावाचून सर्जनचं अडतं. धरायला, ओढून ठेवायला, टाके घालायला दुसरे हात लागतातच, आणि त्या निमित्ताने शिकणाऱ्याचा हात रोग्याच्या शरीरापर्यंत पोहोचतो. रोबोट आला की सर्जन कन्सोलवर बसून जवळजवळ सगळं एकटा करू शकतो. शिकाऊ डॉक्टर बाजूला बसून पाहतो. त्याच्या हाती यंत्र आलंच तर थोडा वेळ, आणि जरा अडखळला की ताबा परत सर्जनकडे. यात वाईट कोणीच नाही. रोग्याच्या दृष्टीने तर निष्णात हातच बरा. फक्त उद्याचा निष्णात हात तयार व्हायची वाट बंद होते, आणि तीही कोणी ठरवून बंद केलेली नसते.

एआय आल्यापासून हे आपल्या दाराशी आलं आहे. सीएच्या ऑफिसातली आर्टिकलशिप घ्या. व्हाउचर तपासणं हे कमालीचं कंटाळवाणं काम. पण ढीगभर खरी व्हाउचर डोळ्यांखालून गेल्यावरच एखादं हातात घेताना मन अडखळतं. तारीख रविवारची आहे, बिलांचे क्रमांक ओळीने एकाच ग्राहकाच्या नावावर आहेत, सगळे आकडे गोल आहेत. ही शंका येणं म्हणजेच ऑडिट येणं. ती हमाली यंत्राकडे गेली तर फर्मचा वेळ वाचेल यात वाद नाही, पण शंका घेणारा डोळा कुठल्या कामावर तयार करायचा हे त्याच बैठकीत ठरवायला हवं. सॉफ्टवेअरमधल्या नवख्यांच्या किरकोळ बग-दुरुस्त्यांचंही तेच.

शेजारी बसून शिकवणं अडतं कुठे, ते एका साध्या प्रसंगात दिसेल. नव्याने आलेल्या मुलीने डेटाबेसची एक क्वेरी लिहून सीनियरकडे रिव्ह्यूला पाठवली. क्वेरी चालते, उत्तरही बरोबर देते, पण नोंदी वाढल्या की दम तोडणार आहे. सीनियरपुढे दोन वाटा. दहा मिनिटांत स्वतः नीट लिहून टाकायची, किंवा कॉमेंट टाकायची, ‘इथे दहा लाख नोंदी आल्या तर काय होईल?’ आणि थांबायचं. ती विचारात पडेल, काहीतरी चुकीचं करून आणेल, विचारायला येईल. मग क्वेरी कशी चालवली जाते ते दोघांनी मिळून पडद्यावर पाहायचं, इंडेक्स का वापरला गेला नाही ते शोधायचं. यात चाळीस मिनिटं जातात. संध्याकाळी टाइमशीट भरताना ती चाळीस मिनिटं कुठे लिहायची? बिलेबलमध्ये बसत नाहीत, नॉन-बिलेबलमध्ये लिहिली तर मॅनेजर विचारणार. भला माणूस ती ‘बग फिक्सिंग’खाली दडवतो. शहाणा माणूस पुढच्या वेळी दहा मिनिटांची वाट धरतो. अप्रेझलच्या फॉर्ममध्येही त्याने काय बनवलं ते लिहायला जागा असते, कोणाला घडवलं ते लिहायला नसते. असलीच तर शेवटच्या पानावर, ‘इतर योगदान’ या अडगळीत.

आणि मग तो जुना प्रश्न येतोच, शिकवलं आणि सोडून गेला तर? गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ च्या पुस्तकात हे कोडं नीट मांडलं होतं. जे कौशल्य कुठेही चालतं त्यावर मालक खर्च करायला नाखूश असतो, कारण फळ दुसऱ्याच्या पदरात पडू शकतं. आपल्याकडे त्यावरचा उतारा म्हणजे बाँड. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेची अशी अट वैध ठरवली, तीन वर्षांआधी नोकरी सोडली तर दोन लाख रुपये भरायचे. कायद्याने ते बरोबर असेलही. पण बाँडने माणसाला फार तर खुर्चीत बसवून ठेवता येतं. त्याच्या शेजारच्याने त्याला काही शिकवावं, यासाठी कुठलाही बाँड उपयोगाचा नाही. उलट माझा अनुभव असा आहे की पगारात थोडं कमी-जास्त असलं तरी ज्या टीममध्ये रोज काही हाती लागतं तिथून लोक सहजासहजी हलत नाहीत. हलले तरी त्या टीमचं नाव घेत राहतात, आणि तिथे यायला नवी माणसं मिळत राहतात.

म्हणून प्रशिक्षणाचं बजेट मांडणाऱ्यांना सांगणं एवढंच की पुढचा ऑनलाइन कोर्स विकत घेण्याआधी टाइमशीटमध्ये शिकवण्यासाठी एक कोड उघडा आणि तो वापरणाऱ्याला जाब विचारू नका. बढतीच्या मुलाखतीत प्रत्येकाला विचारा, तुमच्या हाताखाली तयार झालेली दोन माणसं कोण? ज्याला दोन नावं सांगता येणार नाहीत, त्याची बढती वर्षभर थांबू द्या.