कच्चं मडकं

माझ्या हिंगोलीच्या खोलीत येणारा माणूस दाराशी चपला काढतो आणि बसायच्या आधीच सांगतो, 'बरंय सगळं, हिनंच आणलं.' मी मानसोपचार करते. गोळ्या देत नाही, बोलते. रडणाऱ्या माणसाची मला कधी भीती वाटली नाही. या 'बरंय'ची वाटते.

म्हणून गोरोबाकाकांची गोष्ट अलीकडे खुपते. त्यांनी कुंभाराचं थापटणं घेऊन जमलेल्या संतांच्या डोक्यावर मारून पाहिलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव तेवढे कळवळले. निकाल लागला: मडकं कच्चं. इथून जवळचं नरसी हे नामदेवांचं गाव मानतात, त्यामुळे हा निकाल आमच्याकडे जरा घरचाच. कीर्तनकार सांगतात, देव आपल्याशी बोलतो याचा त्यांना ताठा होता. असेल. पण लागलं तर 'लागलं' म्हणणारा तेवढा कच्चा, हे पोरांच्या मनात किती खोल जातं ते मी रोज बघते. सुखदुःख समान मानणारा स्थितप्रज्ञ आणि आतून बधिर झालेला माणूस बाहेरून अगदी सारखे दिसतात. फरक ओळखायचा कसा?

माझ्याकडेही एक थापटणं आहे. नैराश्य मोजायची 9 प्रश्नांची प्रश्नावली. प्रत्येकाला 0 ते 3 गुण, जास्तीत जास्त 27. सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली होता, त्या हंगामात वसमतकडचे एक शेतकरी आले. सगळ्या प्रश्नांना 0. पक्कं मडकं! बाहेर त्यांच्या मंडळींनी सांगितलं, रात्री उठून धुऱ्यावर जाऊन बसतात.

कागद बाजूला ठेवून मी हळदीचं विचारलं. शिजली हे कसं ओळखता दादा?

'काडी टोचायची. अलगद आत गेली की शिजली. वरून कळत नसतं.'

मग अर्धा तास सोयाबीनवर गेला. माझी पुस्तकं म्हणतात, प्रसंग नव्हे, प्रसंगाबद्दलचा विचार माणसाला छळतो. या दादांच्या आई म्हणायच्या, प्राक्तन. दोन्हींत ओझं त्या एकट्याच्याच डोक्यावर. क्विंटलमागे तुटलेल्या पैशांत कोणता विचार दुरुस्त करू? औंढ्याच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून पडलेले विसोबा खेचर त्या 'कच्च्या' नामदेवांना म्हणाले, देव नसेल तिथं माझे पाय ठेव. नामदेव पाय नेतील तिकडे पिंड. या दादांचं दुखणंही मी मनात, घरात, नशिबात, कुठंही उचलून ठेवलं तरी खाली भाव निघत होता. तरी रात्री धुऱ्यावर बसणारा माणूस भाव वाढेपर्यंत थांबेल, याची हमी कुणी देत नाही. तेव्हा मन सोडून चालत नाही, आणि नुसतं मन धरूनही नाही. एवढ्यावर मी सध्या काम चालवते.

तिसऱ्या भेटीत प्रश्नावली पुन्हा दिली. त्यांनी वेळ घेतला, एका ठिकाणी खोडलं, पुन्हा लिहिलं. बेरीज 17.

'मॅडम, हे तर वाढलं की हो!' मंडळी घाबरल्या.

मी पुढची तारीख आठवड्याऐवजी परवाची दिली.