पिवळा दिवा आणि ओले सरपण

मोटारीच्या डॅशबोर्डवर पेटणारा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा, ज्याला सर्वत्र ‘चेक इंजिन लाईट’ म्हणतात, तो दोष दाखवत नाही. दोष असावा असे जे अनुमान गाडीतल्या संगणकाने केलेले असते, ते तो जाहीर करतो. हा भेद वरवर शाब्दिक वाटतो. परंतु न्यायदर्शनाने, म्हणजे भारतीय तर्काच्या प्राचीन परंपरेने, प्रत्यक्ष आणि अनुमान ही यथार्थ ज्ञानाची दोन वेगळी साधने, म्हणजे प्रमाणे, का मानली आणि त्यांपैकी अनुमानाच्या रक्षणासाठी शतकानुशतके एवढा खटाटोप का केला, हे समजून घ्यायला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या तक्रारीइतके स्वच्छ उदाहरण आजच्या व्यवहारात क्वचितच सापडेल.

कन्व्हर्टर, म्हणजे उत्प्रेरक परिवर्तक, हा इंजिन आणि सायलेन्सर यांच्या दरम्यान धुराच्या नळीत बसवलेला पोलादी डबा होय. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक आरपार छिद्रे असलेली सिरॅमिकची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ लेप असतो. या लेपाच्या सान्निध्यात कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन यांत होते. आता या डब्याने आपले काम चोख केले की नाही, हे संगणकाला थेट कळण्याची सोय गाडीत नाही. डब्याच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन सेन्सर असतात आणि ते दोन्ही केवळ ऑक्सिजन ओळखतात. साध्या प्रकारच्या पुढच्या सेन्सरचा विद्युतदाब सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्ट यांच्या दरम्यान सतत खालीवर होत राहतो, कारण संगणक इंधनाचे प्रमाण क्षणोक्षणी वाढवत आणि घटवत असतो. विटेवरच्या लेपातील सेरियम ऑक्साइड जादा ऑक्सिजन साठवते व कमी पडेल तेव्हा सोडते, त्यामुळे मागच्या सेन्सरपर्यंत ही खळबळ पोहोचत नाही आणि त्याची रेषा ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट राहते. ही साठवण आटली की मागची रेषा पुढच्या रेषेची नक्कल करू लागते. संगणक त्यावरून साठवणशक्ती गेल्याचे अनुमान करतो, साठवणशक्ती गेल्यावरून शुद्धीकरणाची क्षमता घटल्याचे दुसरे अनुमान करतो, आणि पी०४२० हा कोड नोंदवतो. गाडी चालवण्याच्या पहिल्या फेरीत तो दिवा लावत नाही, कोड प्रलंबित ठेवतो. बहुतेक गाड्यांत पुढच्या फेरीतही तेच आढळले तरच दिवा पेटतो. न्यायसूत्रांचा कर्ता गौतम याच्या सोळा पदार्थांमध्ये ‘संशय’ आणि ‘निर्णय’ असे दोन स्वतंत्र पदार्थ आहेत, आणि यंत्राच्या रचनाकारांनी न्यायसूत्रे वाचलेली नसली तरी त्यांनाही या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्या लागल्या, हे लक्षणीय आहे.

गॅरेजात स्कॅनर लावल्यावर पडद्यावर जे वाक्य उमटते, ते उत्प्रेरक यंत्रणेची कार्यक्षमता ठरीव मर्यादेखाली असल्याचे सांगते. डबा बदला, असे ते सांगत नाही. तरीही ते आप्तवाक्य मानले जाते, म्हणजे जाणत्या व विश्वासार्ह वक्त्याचे वचन समजून शब्दप्रमाणाच्या पदवीला पोहोचवले जाते, आणि हजारो रुपयांचा सुटा भाग मागवला जातो. येथे काय चुकते, ते अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तील एका जुन्या उदाहरणावरून नेमके सांगता येते. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे हे अनुमान निर्दोष आहे. परंतु अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे हे अनुमान सदोष आहे, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धुरासाठी अग्नीच्या जोडीला ओले सरपण लागते. या ओल्या सरपणाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात: जी अट साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे ते, जेथे जेथे असते तेथे तेथे असते, पण हेतू, म्हणजे ज्यावरून ते सिद्ध करायचे ती खूण, जेथे असतो त्या प्रत्येक ठिकाणी असतेच असे नाही, ती उपाधी होय. दिवा पेटला म्हणून कन्व्हर्टर मेला, या अनुमानात दिवा हा हेतू, कन्व्हर्टरचे मरण हे साध्य, आणि ऑक्सिजनची साठवण खरोखर आटलेली असणे ही उपाधी आहे. मेलेल्या प्रत्येक कन्व्हर्टरमध्ये ती आटलेली असते. पेटलेल्या प्रत्येक दिव्यामागे मात्र ती आटलेली नसते. नळीच्या सांध्याला किंवा गॅस्केटला फट असेल, तर धुराच्या दोन ठोक्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मागचा सेन्सर त्या उपऱ्या ऑक्सिजनची इमानेइतबारे नोंद करतो. सेन्सर स्वतःही बिघडलेला असू शकतो. थोडक्यात, पेटलेल्या दिव्याबरोबर ओले सरपण आहे की नाही हे तपासणे म्हणजेच निदान.

हे तपासावे कसे, याचे उत्तर न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आले आहे, आणि ते आजही ताजे वाटते. पूर्वपक्षाचा, म्हणजे विरोधकाचा, आक्षेप असा की अनुमानावर विसंबता येत नाही: नदीला पूर आला म्हणून वर पाऊस झाला म्हणावे, तर कुठे बांध घातल्यानेही पाणी चढते, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणून पाऊस येणार म्हणावे, तर वारूळ मोडल्यानेही त्या निघतात, मोराचा आवाज ऐकून मोर आहे म्हणावे, तर माणूसही तो आवाज काढतो. सिद्धान्ती, म्हणजे त्याला उत्तर देणारा नैयायिक, अनुमान सोडून देत नाही, हेतू धारदार करतो. नुसते चढलेले पाणी हा हेतूच नव्हे. ओढ वाढलेली, फेसाळ, पाने, फळे व लाकडे वाहून आणणारी नदी हा हेतू आहे, आणि बांधाने तुंबलेले पाणी तसे नसते. चांगला मेकॅनिक नेमके हेच करतो. तो इंजिन पुरते तापू देतो, कारण सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या खाली कन्व्हर्टर काम सुरूच करत नाही. मग इंजिनाचे फेरे मिनिटाला २५०० च्या आसपास स्थिर धरून दोन्ही रेषा शेजारी शेजारी पाहतो. संगणक इंधनाच्या प्रमाणात करत असलेली दुरुस्ती शून्याच्या जवळ आहे ना, हे पाहतो. आणि नळीत धूर सोडून तो कुठे सांध्यातून बाहेर येतो का, ते शोधतो. धुरावरून अग्नीचे अनुमान शिकवणाऱ्या परंपरेला धुरावरून भोकाचे अनुमान पाहून कौतुकच वाटले असते.

चार्वाकांचे म्हणणे होते की सर्व उपाध्या तपासून झाल्या अशी खात्री कधीच होत नाही, म्हणून अनुमान हे प्रमाणच नव्हे. तर्क म्हणून या म्हणण्यात जोर आहे. परंतु उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त दाखवल्याप्रमाणे संशयाला आचरणाची मर्यादा असते; धुरासाठी अग्नी पेटवायला जो निघतो, त्याने त्या दोहोंच्या संबंधावर संशय घेणे हे त्याच्याच कृतीच्या विरोधात जाते. बॉनेट उघडणाऱ्याने कार्यकारणभाव आधीच मान्य केलेला असतो.

तथापि साठवण आटलेली आहे असे सिद्ध झाले तरी प्रश्न अर्धाच सुटतो, कारण कन्व्हर्टर सहसा आपणहून मरत नाही, त्याला मारले जाते. ज्या गाडीला गॅरेजच्या भाषेत ‘मिसिंग’ आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी वेळेवर पडत नाही, तिचे न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि वीट वितळते. अशा वेळी दिवा स्थिर न राहता लुकलुकतो. रिंग झिजलेल्या इंजिनात ऑइल जळते आणि त्यातील फॉस्फरसचा थर लेपावर चढतो. शिसे तर त्याचे उघड विष आहे, म्हणूनच भारतात १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल ही दोन्ही एकदमच आणावी लागली, आणि २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात वैद्यकाचा दाखला देऊन रोग, रोगाचा हेतू, आरोग्य आणि औषध असे चार भाग केले आहेत. प्लग आणि कॉइल तशीच ठेवून नवा डबा बसवणारा पहिल्या भागावरून थेट चौथ्यावर उडी मारतो, आणि नव्या डब्याची गत जुन्यासारखीच होते.

यापेक्षाही सोपी एक वाट बाजारात रूढ आहे: स्कॅनरवरून कोड उडवणे. दिवा विझतो आणि मालक समाधानाने गाडी घेऊन जातो. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती यांनी अभाव जाणण्यासाठी ‘अनुपलब्धी’ हे वेगळे प्रमाण मानले, पण त्याला एक अट घातली: वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिचे न दिसणे तिच्या अभावाचा पुरावा ठरते, अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे म्हणता येत नाही. कोड उडवला की संगणकाच्या स्वयंपरीक्षांच्या नोंदीही पुसल्या जातात, आणि कन्व्हर्टरची परीक्षा ठरावीक तापमान, वेग व अंतर जमून येईपर्यंत पुन्हा होत नाही. तोवर दिवा विझलेला असतो, आणि स्कॅनरवर त्या परीक्षेच्या पुढे ‘अपूर्ण’ एवढेच दिसते.