परातीचा सूर

माझ्या खोलीची लांबी बारा फूट आहे याची मला पहिली जाणीव करून दिली ती आईच्या पितळी परातीने. ही परात पोटमाळ्यावर पालथी पडलेली असते. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेवर दुसऱ्या फ्रेटमागे बोट दाबलं की ती घुमू लागते. पहिल्या फ्रेटवर गप्प, तिसऱ्यावर गप्प, दुसऱ्यावर मात्र अंगात आल्यासारखी.

मी पोटासाठी लोकांचे हिशेब तपासतो, त्यामुळे याचाही हिशेब मांडला. तो सूर एफ शार्प, सेकंदाला सुमारे ४६ कंपनं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे या सुराची एक लाट जवळजवळ साडेसात मीटर लांब, आणि तिची अर्धी लाट माझ्या समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जवळपास फिट्ट बसते. म्हणून भिंतीला पाठ लावून बसलं की तो एक सूर अंगावर येतो आणि खोलीच्या मधोमध उभं राहिलं की बराचसा नाहीसा होतो. गिटार तीच, बोट तेच. फरक फक्त मी कुठे उभा आहे याचा.

हे आधी कळलं असतं तर माझे बरेच पैसे वाचले असते.

हौशी वादक जे सामान घेतो ते खरं तर खोलीसाठी घेतो. विकत घेताना डोळ्यांसमोर मंच असतो, दिवे असतात. पण पारखतो मात्र रात्री साडेदहाला, दार लावून, शेजाऱ्यांच्या भीतीने आवाज लहान ठेवून. आणि लहान आवाजात आपला कान खालच्या सुरांच्या बाबतीत कामचुकार असतो. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं: आवाज जितका लहान, तितके खालचे सूर कानाला जास्त दुबळे वाटतात. मग आपण काय करतो? अँपवरचं खालचं बटण वाढवतो, वरचं वाढवतो आणि मधलं पार पाडून टाकतो. खोलीत त्याचा मखमली आवाज येतो. एकेक सूर साजूक तुपात तळल्यासारखा. मी तर त्या आवाजावर इतका खूश झालो की बटणांच्या जागांवर खडूने खुणा करून ठेवल्या.

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता, तिथे त्याच खुणांवर बटणं ठेवून मी पहिल्यांदा वाजवलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत मला स्वतःचा एकही सूर वेगळा ऐकू आला नाही. खालचा भाग ढोलकच्या आणि ऑक्टोपॅडच्या घुमाऱ्यात गेला, वरचा झांजांनी खाल्ला. सूर कोणता आहे हे गोंगाटात ओळखू येतं ते बरंचसं मधल्या पट्ट्यावरून, आणि तो तर मी घरीच काढून टाकला होता. साउंडवाल्या पोराकडे हताश होऊन पाहिलं. त्याने अंगठा वर केला. “दादा, बेस फुल आहे!”

तो खोटं बोलत नव्हता. मांडवाचे पडदे थरथरत होते.

इथे शब्दाचाच घोटाळा आहे. आपल्याकडे बेस म्हणजे एक पदार्थ. विसर्जनाच्या मिरवणुकीत भिंतीसारखे रचलेले स्पीकर खिडक्यांची तावदानं हलवतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधड भरवतात, तो बेस. गाडीत एका बटणाने वाढवतात, तो बेस. मिठासारखा: कमी वाटला तर चमचाभर आणखी. ‘मी बेस वाजवतो’ असं सांगितलं की लोक माझ्याकडे त्या भिंतींचा दूरचा नातेवाईक असल्यासारखे पाहतात. (उरलेले लोक विचारतात, “ही गिटार ना? मग दोन तारा कुठे गेल्या?”) पण बेस ही एक ओळही आहे. तिला चाल असते, ती कुठून तरी निघून कुठे तरी पोचते. ती बटणाने वाढवता येत नाही. बटणाने फक्त तिचं आकारमान वाढतं, चेहरा नाही.

ही ओळ काय करते ते आपल्या स्वरांत सांगणं सोपं आहे. गायिका वरच्या सा वर थांबली आहे असं समजा. मी खाली सा धरला तर ती घरी येऊन टेकली. तिने काहीही न बदलता मी शुद्ध धैवतावर गेलो तर तोच सा एकदम हुरहुर लावणारा होतो, कारण आता तो धैवताचा कोमल गंधार झालेला असतो. मी मध्यमावर गेलो तर तोच सा मध्यमाचा पंचम होतो, उघडा आणि भक्कम. गाणारी जागची हललेली नाही. श्रोत्यांना वाटतं, काय भाव आणला आहे आवाजात! तानपुऱ्याचा खर्ज जागचा ढळत नाही आणि त्याच्या भरवशावर गाणारा फिरतो. बेसवाला गाणाऱ्याच्या पायाखालची सतरंजी बदलत राहतो. आणि ती बदलल्याचं कळलं नाही तरच काम नीट झालं असं समजायचं. अशा कामासाठी माणूस ‘माझा आवाज, माझा टोन’ म्हणत हजारो रुपये का घालवतो, हा खरा प्रश्न आहे. मीही घालवले आहेत. बिलं फाइलला लावलेली आहेत.

थोडा दोष सामानाच्या इतिहासाचाही असावा. १९५१ पर्यंत नाचगाण्याच्या बँडमधला बेसवाला माणसाच्या उंचीचं डबल बेस उचलून हिंडायचा आणि पितळी वाद्यांपुढे फारसा ऐकूच यायचा नाही. त्या वर्षी कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने खांद्याला अडकवायची चार तारांची इलेक्ट्रिक बेस बाजारात आणली. तिच्या मानेवर फ्रेट होत्या, त्यामुळे सूर अचूक लागे, म्हणून नाव प्रिसिजन. पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बेसमन नावाचा अँप काढला. गंमत अशी की हा अँप गिटारवाल्यांनाच जास्त आवडला, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये मार्शल कंपनीने आपला पहिला अँप बनवला तो याच बेसमनच्या धर्तीवर. रॉक गिटारचा तो जगप्रसिद्ध कर्कश गर्जना करणारा आवाज मुळात आमच्या घरातून गेलेला आहे. आम्ही तक्रार केल्याचं कुठे नोंदलेलं नाही.

जगभर ज्याची सर्वाधिक नक्कल झाली असा बेसचा आवाज ज्याचा, त्या जेम्स जेमर्सनकडे मात्र सामान म्हणावं असं फारसं काही नव्हतं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या स्टुडिओत साठच्या दशकात त्याने गाण्यांमागून गाणी वाजवली ती एका १९६२ च्या प्रिसिजनवर. तारा सपाट गुंडाळीच्या, जाड, आणि तुटेपर्यंत न बदललेल्या. उजव्या हाताचं एकच बोट. रेकॉर्डिंगला बहुतेक वेळा अँपसुद्धा नाही. वायर थेट मिक्सरमध्ये. त्याचं नाव रेकॉर्डच्या वेष्टनावर यायला १९७१ साल उजाडावं लागलं, मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर. १९८३ मध्ये तो वारला. त्याच्या थोडेच दिवस आधी ती गिटार चोरीला गेली होती. आपल्याकडेही निराळं नव्हतं. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवत. त्यांचा हात आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून ऐकलेला आहे. नाव किती जणांना माहीत आहे? मुंबईच्या स्टुडिओंत एके काळी गोव्याच्या वादकांनी भरलेल्या रांगाच्या रांगा होत्या, आणि रेकॉर्डवर नावं गायक, संगीतकार, गीतकार यांची.

जेमर्सनबद्दल वाचलं त्यातली एक गोष्ट मी उचलली. तो ब्रिजजवळ, तारांच्या खाली, फोमचा तुकडा ठेवायचा. त्याने सूर लांबत नाही. लागतो आणि विझतो. तोवर मी माझा आवाज ‘आटोक्यात’ यावा म्हणून एक कॉम्प्रेसर पेडल घेतलं होतं. ते घरी आलं तेव्हा बायकोने विचारलं, “हा डबा काय करतो?” म्हटलं, मोठा आवाज लहान करतो आणि लहान आवाज मोठा करतो. ती म्हणाली, “मग हळू वाजवलं तर?” या प्रश्नाला माझ्याकडे आजही तांत्रिक उत्तर नाही. शेवटी भांडी घासायचा नवा स्पंज सुरीने कापून तारांखाली सरकवला. लाकडी फळ्यांच्या पोकळ मंचावर, जिथे प्रत्येक सूर पुढच्याच्या अंगावर सांडतो, तिथे त्या स्पंजने जे केलं ते डब्याला जमलं नव्हतं. बेसमध्ये सूर कधी सुरू करायचा याला जेवढं महत्त्व, तेवढंच तो कधी थांबवायचा याला आहे. आणि थांबवणं दुकानात मिळत नाही, दहा रुपयांच्या स्पंजपलीकडे.

सामानाशी माझी सोयरीक खरी कळली ती बॅटरीच्या प्रसंगात. माझी गिटार ‘अ‍ॅक्टिव्ह’ आहे, म्हणजे तिच्या पोटात एक छोटं सर्किट आहे आणि त्याला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. वायर खोचली की ते सर्किट चालू होतं, काढली की बंद. हे मला माहीत होतं. तरी घरी महिनाभर वायर खोचलेलीच राहिली. कार्यक्रमात चौथ्या गाण्याला आवाज आधी फाटला, मग आटला, मग गेलाच. मी वाजवत राहिलो. बोटं चालू, चेहऱ्यावर स्मित, आणि खाली काही नाही. दहा वाजता आवाज बंद करायचा नियम, त्यामुळे कार्यक्रम थांबवणं शक्य नव्हतं.

समोर तीनशेएक माणसं होती. एकानेही मान वळवली नाही. पण आमच्या गायिका, बँकेतून निवृत्त झालेल्या ताई, माझ्याकडे पाठ असूनही पहिल्या ओळीनंतर वळल्या. त्यांनी भुवया उंचावल्या आणि पुढचं सगळं कडवं किंचित घाईत गायल्या, अंधारात जिना उतरताना माणूस उतरतो तसं. गाणं संपताच निवेदिकेने आपल्या जुन्या कॉर्डलेस माइकमधली बॅटरी काढून दिली आणि स्वतः वायरचा माइक घेतला. गिटारच्या पाठचं झाकण वॉचमनच्या टेस्टरने उघडलं. दीड मिनिटात मी परत होतो. ताई नंतर म्हणाल्या, “अरे, पायाखाली काही लागतच नव्हतं मला.” आणि तळमजल्यावरचे एक काका, ज्यांना बेस म्हणजे काय हे अजूनही ठाऊक नाही, जेवताना म्हणाले, “मध्ये एक गाणं पातळ झालं होतं का रे? आमटीत पाणी जास्त पडावं तसं.” माझ्या वादनाला आजवर मिळालेली सर्वांत मोठी दाद ही, आणि ती मी न वाजवलेल्या गाण्याला मिळाली.

तेव्हापासून खडूच्या खुणा पुसल्या आहेत. बटणं मंचावर गेल्यावर, बाकीचे वाजवत असताना फिरवतो. घरी ऐकलं तर तो आवाज नाकातला, रुक्ष वाटतो; एकटा ऐकणाऱ्याला दुकानातून परत पाठवावासा वाटेल असा. माझं भांडण आता सामानाशी नाहीच, कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताशी आहे. आपल्याकडच्या बहुतेक हौशी ऑर्केस्ट्रांत बेसवाला नसतो, ते काम तो डावा हात करतो. वर्षानुवर्षांची सवय, मी आलो म्हणून जाणार कशी? आम्ही दोघं एकाच ओळीवर उतरलो की चिखल होतो. तालमीला मी त्याला चहाचा कप डाव्या हातात धरायला लावतो. भांडणावर हा उपाय पुरेसा आहे, चहा संपेपर्यंत. कराओकेवाल्यांना तर हीही कटकट नको असते. त्यांच्या ट्रॅकमध्ये बेस आधीच भरलेला असतो, कधीही न चुकणारा आणि कोणाकडेही न बघणारा.

गेल्या कार्यक्रमाचं चित्रण सोसायटीच्या ग्रुपवर आलं. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून माझा सर्वांत खालचा, ४१ कंपनांचा सूर निघूच शकत नाही. तरी ओळ लागते, कारण त्या सुराचे वरचे अंश ऐकून कान खालचा मूळ सूर स्वतः रचतो. तानपुऱ्याच्या खर्जातून कोणी न छेडलेला गंधार उमटतो, त्याला आपल्याकडे स्वयंभू म्हणतात. हे त्याच्या उलट: वरच्यांवरून खर्ज उभा करायचा. दोन्हीकडे श्रोता अर्धं काम करतो आणि पावती मागत नाही. या विचाराने मी जरा भारावलो होतो, म्हणून फोन आईला दाखवायला नेला. तिने चष्मा लावून पाहिलं.

“तू कुठे आहेस यात?”

“तो काय, खांबाच्या मागे. गिटारची मान दिसतेय बघ.”

तिने फोन कानाशी नेला, पूर्ण गाणं ऐकलं, आणि परत देत म्हणाली, “दिसत नाहीस. ऐकूही येत नाहीस. मग दर रविवारी सकाळी माझी परात कोण वाजवतं?”