चाल कोणाची?

उसनें घेणें आणि चोरणें यांतील भेद व्यवहारांत लहान मुलासही कळतो. परंतु संगीताच्या प्रांतांत शिरतांच तो शहाण्यासुरत्या माणसांसही दिसेनासा होतो. एक पक्ष म्हणतो, स्वर सातच आणि ते सर्वांचे. मग चोरी ती कसली? दुसरा पक्ष, ओळखीची सुरावट कानीं पडली कीं रचनाकारास चोर ठरवून मोकळा होतो. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष घाईचे आहेत, व त्यांचा निवाडा करावयाचा तर आपल्याच रंगभूमीपासून आरंभ करणें सोयीचें होईल.

अण्णासाहेब किर्लोस्कर यांनीं १८८० सालीं ‘शाकुंतल’ व १८८२ सालीं ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलें, तेव्हां त्यांतील बहुतेक पदांच्या चाली लोकांच्या कानांत अगोदरच बसलेल्या होत्या. साकी, दिंडी हीं वृत्तें कीर्तनकारांच्या तोंडचीं. लावणीच्या आणि कर्नाटकी पदांच्या चालीही परिचयाच्या. पुढें १९११ सालच्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंबे यांनीं पूरबी ठुमरी-दादऱ्याचा रंग आणला, आणि १९१६ सालच्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखले यांनीं घराणेदार चिजा खाडिलकरांच्या शब्दांस बसविल्या. ह्या थोर पुरुषांस चोर म्हणावयास आमची जीभ धजत नाहीं. आणि त्याचें कारण केवळ त्यांचें थोरपण नव्हे. नाटकाच्या छापील पुस्तकांत पदाच्या माथ्यावर राग, ताल आणि ‘चाल’ देण्याचा प्रघात होता, व चाल म्हणून मूळ गीताचे आरंभींचे शब्द दिलेले असत. घेतलेली वस्तु कोठून घेतली, हें घेणाराच चार लोकांत सांगत होता. चोर असें करीत नाहीं.

परंतु ह्या प्रघातानें ऋण पुरतें फिटलें काय? आमच्या मतें निम्मेंच फिटलें. त्या एका ओळीवरून चाल कोणत्या गीताची हें कळतें; ती कोणाची हें कळत नाहीं. मौखिक परंपरेंत कर्त्याचें नांव ठेवण्याची सोयच नव्हती, असा आक्षेप येथें घेतला जातो. तो खरा नाहीं. अठराव्या शतकांत मुहंमदशहाच्या दरबारीं असलेल्या नियामतखानानें आपल्या ख्यालांत ‘सदारंग’ ही मुद्रा घातली, म्हणून ती चीज गाणारा प्रत्येकजण आजही त्याचें नांव घेतो. गुरूचें नांव उच्चारतांना गवई कानाच्या पाळीस हात लावतो, तोही ऋणाचाच स्वीकार होय. नवे शब्द बसविले कीं ही मुद्रा गळून पडते. सदारंगाचें नांव तरी अन्य चिजांतून टिकलें. पण ज्या कलावंतिणींच्या गळ्यांतून ठुमरीच्या चाली फुलल्या, त्यांतील कितीएक जणींचें नांव कोठेंच उरलें नाहीं. उसनवारीचा भार बहुधा अशा दुर्बळांवरच पडतो.

कोणी म्हणेल, घेणाऱ्यानें घेतलेल्याचें सोनें केलें कीं दोष उरत नाहीं. ह्या मतांत तथ्य आहे, पण अर्धेंच. नवव्या शतकांतील आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोकां’त काव्यांतील साम्याचे तीन प्रकार केले आहेत: आरशांतील प्रतिबिंबासारखें, चित्रासारखें, आणि दोन सारख्या दिसणाऱ्या माणसांसारखें. पहिलीं दोन त्याज्य. तिसरें ग्राह्य, कारण शरीर सारखें असलें तरी तेथें आत्मा निराळा असतो. ही कसोटी संगीतासही लागू पडते. एकाच रागांतील दोन बंदिशी सारख्या वाटल्या म्हणून कोणी चोर होत नाहीं. राग ही सामाईक भूमि आहे, तिच्यांतील विशिष्ट बांधणी तेवढी कर्त्याची. परंतु ही कसोटी कृतीची आहे, कर्त्याच्या सचोटीची नव्हे. हँडेल यांच्या १७३९ सालच्या ‘इस्रायल इन इजिप्त’मध्यें स्ट्राडेला यांचें संगीत ठिकठिकाणीं आलें आहे, व केर्ल यांची एक वाद्यरचना तर जवळजवळ जशीच्या तशी समूहगीतांत उतरली आहे. ती कृति भव्य आहे हें आम्ही आनंदानें मान्य करूं. पण म्हणून केर्ल यांचें देणें चुकतें होत नाहीं. दुसऱ्याच्या शेतांत उत्तम पीक काढलें म्हणून शेत आपलें होत नसतें. गुणाचा आणि प्रामाणिकपणाचा हिशेब निरनिराळ्या वह्यांत ठेवला पाहिजे.

आतां एक अवघड प्रश्न राहतो. घेतलें हें घेणाऱ्यासच ठाऊक नसेल तर? जॉर्ज हॅरिसन यांच्या १९७० सालच्या ‘माय स्वीट लॉर्ड’ या गीतांत, १९६३ सालीं गाजलेल्या ‘ही इज सो फाइन’ या गीताची सुरावट नकळत उतरली असल्याचा निकाल न्यूयॉर्कच्या न्यायालयानें १९७६ सालीं दिला, व हेतु नसला तरी दायित्व टळत नाहीं असें ठरविलें. आम्हांस हा निर्णय नीतीच्या दृष्टीनेंही ग्राह्य वाटतो. मात्र एक विवेक केला पाहिजे. कानांत साठलेलें गाणें आपलेंच म्हणून वर येणें हें पाप नव्हे. तें स्मृतीचें स्वाभाविक कार्य आहे. तरीपण ऋण आहेच, आणि तें कळल्यावर गप्प राहणें हें मात्र पाप आहे. दोष घेण्यापेक्षां लपविण्यांत अधिक असतो.

लपविण्याचे परिणामही दूरवर पोंचतात. घराणेदार गवई चिजा लपवितात म्हणून आपण त्यांस नांवें ठेवतों. पण दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचें नांव राहत नाहीं असा अनुभव आला, तर कोणताही माणूस हात आखडताच घेईल. नांव सांगण्यास खर्च नाहीं, आणि त्यानें रचनेची गोडी कमी होत नाहीं. मूळ कर्ता सांपडत नसेल तेथें, ती चाल कोणत्या प्रांताची, कोणत्या मंडळींच्या गळ्यांतली, एवढें तरी सांगतां येतेंच. जुन्या नाट्यपुस्तकांनीं पदाच्या माथ्यावर त्यासाठीं एक ओळ राखून ठेवली होती. आजच्या रचनाकारांनीं ती ओळ पुन्हां लिहावी, व तींत गीताबरोबर माणसाचेंही नांव घालावें, एवढेंच आमचें मागणें आहे.