ताटाची डावी बाजू

आपल्या ताटाला डावी-उजवी बाजू असते. चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. लकव्यानंतर अण्णा दवाखान्यातून घरी आले, तेव्हापासून ताटाची डावी बाजू जशीच्या तशी परत यायला लागली. आईला वाटलं, आजारपणानं तोंडाची चव गेली. ठेच्याशिवाय ज्यांच्या घशाखाली घास उतरत नसे, ते ठेच्याकडे बघेनात. भाकरीसुद्धा अर्धीच खायचे, उजवीकडची. एके दिवशी आवराआवर करताना ताट सहज फिरलं आणि अण्णा राहिलेली भाकरी ठेच्याशी खाऊ लागले. "आत्ता वाढलंस होय?" एवढंच म्हणाले.

त्यांचे डोळे शाबूत होते. मेंदूचा उजवा भाग दोन्ही बाजूंकडे लक्ष ठेवतो, डावा भाग मुख्यतः उजवीकडेच. म्हणून उजव्या मेंदूला इजा झाली की डाव्या बाजूची राखण करणारं कोणी उरत नाही. ज्याची अर्धी नजर गेली, तो निदान मान वळवून बघतो, कारण काहीतरी दिसत नाही हे त्याला कळतं. इथे तेच कळत नाही. डावी दाढी राहिलेली, डावी बाही लोंबणारी, आणि माणूस मात्र निवांत. घरचे म्हणतात, हट्टी झाले. डावीकडे बसलेल्या सुनेला वाटतं, मामंजी मुद्दाम बोलत नाहीत. हे गैरसमज मला लकव्याहून क्रूर वाटतात, कारण एका वाक्यानं ते टळले असते. सुट्टीच्या कागदावर ते वाक्य नव्हतं.

पुढे फिजिओथेरपीच्या खोलीत तपासणी झाली. आडव्या रेघेच्या मध्यावर खूण करायची. अण्णांची खूण उजवीकडे सरकली. घड्याळ काढायला सांगितलं, तर बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीनं बसले. पानभर विखुरलेल्या ४० रेघा एकेक करून खोडण्याची एक चाचणी आहे, अल्बर्ट यांची, १९७३ची. तिला अक्षरओळख लागत नाही. आमच्या शहरात हे फार मोलाचं, कारण इथे एकाच बाकावर मराठी वाचणारा आणि उर्दू वाचणारा असे दोघं बसलेले असतात. डावी बाजू हरवली की मराठी वाचणाऱ्याची ओळीची सुरुवात जाते, उर्दू वाचणाऱ्याचा शेवट. रेघा मात्र दोघांना सारख्याच.

काही आठवड्यांनी अण्णांनी जवळजवळ सगळ्या रेघा खोडल्या. आम्ही हरखलो. बाहेर पडताना त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आदळला. शांत खोलीत समोर एकच कागद असतो, माणूस सावध असतो. घरात, गर्दीत तो सावधपणा टिकत नाही. म्हणून कॅथरीन बर्जेगो यांच्या नावानं ओळखली जाणारी पद्धत मला अधिक खरी वाटते. तिच्यात रोजच्या दहा गोष्टी बघतात: दाढी, बाही, ताट, तोंड पुसणं, डावीकडून आलेली हाक, चालताना लागणारे धक्के. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण, एकूण ३०. गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. त्याच गोष्टी रुग्णालाही विचारतात. आईनं सांगितलेल्या गोष्टींची बेरीज बरीच झाली, अण्णांची शून्य. दोन्हींतलं अंतर हेही एक माप असतं: आपलं काय हरवलंय याची जाण त्या माणसाला किती आहे, याचं. आई पटकन म्हणाली, "खोटं नाही बोलत हो ते."

१९७८ साली बिसियाक आणि लुझ्झाती या संशोधकांनी मिलानमधल्या अशाच रुग्णांना तिथला दुओमो चौक नुसता आठवायला सांगितला होता. कॅथेड्रलकडे तोंड करून उभं असल्याची कल्पना केली, तर डावीकडच्या इमारती सांगण्यातून गळायच्या. कॅथेड्रलच्या पायऱ्यांवरून उलट बघत असल्याची कल्पना केली, की त्याच इमारती आठवायच्या. ते वाचून मी अण्णांना आमच्याच शहराबद्दल विचारलं, पैठण गेटहून गुलमंडीला चाललोय, काय काय लागतं? त्यांनी उजवीकडची दुकानं भराभर सांगितली, डावीकडच्या औरंगपुऱ्याचं नावही नाही. मग म्हटलं, आता सिटी चौकातून गुलमंडीवर आलोय. "मग काय, उजव्या हाताला औरंगपुरा," ते लगेच म्हणाले. जन्म गेला त्यांचा त्या रस्त्यांवर. मला क्षणभर बोलवेना.

आता आई जेवताना आधी त्यांच्या उजवीकडे बसते. "अहो," म्हणते, नजर मिळाली की बोलत बोलत थोडी पुढे सरकते, मग आणखी थोडी, डावीकडे. नजर सुटली की थांबते, पुन्हा मागे येते. ताटाच्या डाव्या काठाशी तिनं लाल चिंधी बांधली आहे. काल मान तिथवर वळली, आणि अण्णांनी मिठाला हात लावला.