फुकटाचं तिकीट

'फुकट' हा शब्द आपल्या भाषेत बिचारा फार बदनाम झाला आहे. 'मोफत' म्हटलं की त्याला जरा सरकारी इभ्रत येते : मोफत दवाखाना, मोफत वाचनालय. 'विनामूल्य' म्हटलं की थेट वसंत व्याख्यानमाला डोळ्यांपुढे उभी राहते, पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्यांसकट. पण 'फुकट' म्हटलं की माणूस एकदम संशयित. फुकट्या, फुकटचंबू, फुकटचा शहाणा, फुकटफौजदार! ह्या शब्दाच्या गोतावळ्यात एकही बरा माणूस सापडायचा नाही.

उलट पैसे मोजले की कसलाही कंटाळा प्रतिष्ठित होतो. तिकीट काढून पाहिलेलं नाटक कितीही पडेल असो, मध्यंतरात उठून जायची आपली छाती होत नाही. शेजारी घोरत असतो, पण तोसुद्धा पैसे देऊन घोरत असतो. मग प्रश्न असा पडतो की, ज्याला दमडी पडली नाही तो आनंद खरा की खोटा? आणि खरा असला तर तो घेणारा माणूस सज्जन की लबाड?

हा प्रश्न मी आपण होऊन स्वतःला विचारला असता असं नाही. तो माझ्या धाकट्या मेव्हण्याने पुण्याहून आणला. संक्रांतीला तो सहकुटुंब सोलापूरला आला. हा गृहस्थ सहलीला निघतो तो अंदाजपत्रक मांडून. माणशी तिकीट, पेट्रोल, जेवण, किरकोळ. खोपोलीजवळच्या त्या इमॅजिकाला मुलांना नेलं तेव्हा कुठल्या पाळण्यात किती वेळा बसलं म्हणजे तिकीट वसूल होतं, ह्याचा त्याने कागद केला होता. मुलं दुसऱ्या फेरीनंतर पोटात ढवळतंय म्हणाली, तरी बापाने हिशेब पुरा करून घेतला.

चहा घेता घेता त्याने विचारलं, "दाजी, इथं मुलांना दाखवण्यासारखं काय आहे?"

"आहे की ओ पुष्कळ."

"तिकीट किती?"

"तिकीट नाही."

"म्हणजे बंद आहे?"

आता ह्याला काय सांगणार? संक्रांतीच्या दिवसांत सोलापूर बंद असतं असं म्हणणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात शुकशुकाट असतो म्हणण्यासारखं आहे. ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा असते. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली, अशी परंपरा आहे. बाराबंदी घातलेली माणसं सात नंदीध्वज पेलत त्या अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात. हे नंदीध्वज दुमजली घराच्या गच्चीत वाकून बघतील इतके उंच. शेजारच्या होम मैदानावर पाळणे, खेळणी, दुकानं, भजी ह्यांचा जो काही गलबला होतो, त्याला आम्ही 'गड्डा' म्हणतो.

भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. कथा अशी, की एका कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशीच लग्न करीन म्हणून हट्ट धरला. ते पडले योगी. त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला परवानगी दिली. आठशे वर्षांपूर्वीचं ते लग्न अजून दर वर्षी लागतं आणि लाखांनी वऱ्हाड जमतं. मध्यमवर्गीय माणसाला ह्या लग्नाचं महत्त्व कळायला हवं. पत्रिका नाही, आहेर नाही, 'आहेर आणू नये' अशी तळटीप नाही, मानपानावरून रुसलेली आत्या नाही. अक्षता टाकायच्या आणि समाधानाने घरी यायचं.

मेव्हण्याच्या मुलांनी तोंडाचा आ केला तो मिरवणूक पुढे जाईपर्यंत मिटला नाही. मेव्हण्याने मात्र माझ्या कानाशी लागून विचारलं, "पण दाजी, हा खर्च कोण करतं?"

प्रश्न पुणेरी होता, पण चुकीचा नव्हता.

तुम्ही ती हलवायाची गोष्ट ऐकली असेल. दुकानाबाहेर उभं राहून कुणी गरीब माणूस नुसत्या वासावर भाकरी खातो. हलवाई वासाचे पैसे मागतो. न्यायाधीश मोठा हुशार. तो नाणी खुळखुळवतो आणि म्हणतो, वासाची किंमत आवाजाने फिटली. ही गोष्ट निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या दुकानांवर घालून सांगतात. आपण सगळे टाळ्या वाजवतो गरिबाच्या बाजूने. पण स्वतः दुकान टाकलं की तीच गोष्ट आपल्याला जराशी कमी आवडते.

अर्थशास्त्राच्या पुस्तकांतही ह्या पेचाचं एक नेहमीचं उदाहरण आहे, आणि ते नेमकं शोभेच्या दारूकामाचं आहे. आकाशात उडालेलं दारूकाम वर्गणी देणाऱ्यालाही दिसतं, न देणाऱ्यालाही. न देणाऱ्याचे डोळे कोण झाकणार? आमच्या यात्रेतही दारूकाम होतं. तेव्हा अख्खं सोलापूर माना वर करून उभं असतं. वर्गणीदार कोण आणि फुकटे कोण, हे मागून ओळखू येत नाही. पुस्तकं म्हणतात, सगळेच फुकटे झाले तर दारूकाम उडणारच नाही. खरं आहे. पण पुस्तकं एक गोष्ट विसरतात. बघायला कुणीच आलं नाही, तरीही ते उडवावंसं वाटणार नाही. करोनामुळे २०२१ ची यात्रा मोजक्या माणसांत उरकावी लागली, तेव्हा आम्हाला हे कळलं. गड्ड्यावरचा फुकट्या हा जत्रेचा चोर नव्हे, तो जत्राच आहे.

इथे अमेरिकेचा दाखला दिल्याशिवाय मेव्हण्याला पटत नाही, म्हणून देतो. कॅलिफोर्नियात १९५५ साली डिस्नेलँड उघडलं. तिथे बरीच वर्षं प्रत्येक खेळाची तिकिटं वेगळी असत, अगदी आमच्या गड्ड्यासारखी. १९८२ मध्ये ती पद्धत गेली आणि दारातच एकदा काय ते पैसे मोजून आत सगळं खुलं झालं. दिसायला हे मोठं औदार्य! पण तेव्हापासून माणूस आत शिरला की वसुली अधिकारी होतो. एक खेळ राहिला तरी त्याला आपल्याला कुणी लुटल्यासारखं वाटतं. गड्ड्यावर एका बाकावर बसून तास काढला तर काही बुडत नाही.

इथवर माझं तत्त्वज्ञान ठीक चाललं होतं. पण मग मेव्हण्याच्या धाकटीने आकाशपाळण्याकडे बोट दाखवलं.

माझे वडील गिरणीत होते. आम्ही पाच भावंडं. गड्ड्यावर जायच्या दिवशी ते अंघोळ करून, टोपी झटकून निघत आणि फाटकाशी आम्हाला उभं करून सांगत, "आधी सगळं बघून घ्या. मग ज्याला जे आवडेल त्यात बसायचं." आम्ही सगळं बघत असू. मौत का कुआँच्या फळ्या बाहेरून थरथरताना बघायच्या, जादूगाराच्या तंबूबाहेरचा विदूषक बघायचा, पाळण्यातल्या बायकांच्या किंकाळ्या ऐकायच्या. वडील आळीपाळीने प्रत्येकाला खांद्यावर घेत. सगळं बघून होईपर्यंत धाकटे दोघं झोपलेले असत आणि थोरल्यांचे पाय गळालेले. मग एक पुडा भजी, आणि घर.

ती फसवणूक होती का? माझी थोरली बहीण अजून 'होय' म्हणते. ती आता स्वतः आजी आहे आणि दर वर्षी नातवंडांना घेऊन आधी पाळण्यात बसते, बघायचं ते नंतर. तिच्या बोलण्यात तथ्य आहे. खिशात पैसे असताना जे फुकट निवडलं जातं त्याला साधी राहणी म्हणतात. पैसे नसताना निवडावं लागतं त्याला गरिबी म्हणतात. चित्र एकच, पण चौकट वेगळी. भरल्या खिशाने मुलांना 'पैशाने आनंद मिळत नाही बाळांनो' असं सांगणारा बाप मला आवडत नाही. ते वाक्य ज्याने उच्चारायला हवं तो बाप गप्प असतो आणि मुलाला खांद्यावर घेतो.

म्हणून धाकटीचं तिकीट मी काढलं. ती वरून हात हलवत होती आणि आम्ही खालून बघत होतो. बघण्याचे पैसे अर्थातच पडले नाहीत.

पण वडिलांच्या खांद्याचं मनात राहिलं. मला वाटतं, मेव्हण्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. फुकट म्हणजे कुणीच पैसे दिले नाहीत असं नव्हे. आपल्या आधी कुणीतरी देऊन ठेवले आहेत. देवळाभोवतीचं तळं सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन खोदलं असं सांगतात. म्हणजे काठावर बसून आपण जो वारा खातो, त्याचं तिकीट डोक्यावरून मातीची पाटी वाहणाऱ्या कुणीतरी कधीच फाडलं. नंदीध्वज पेलणारे यात्रेआधी कितीतरी दिवस सराव करतात. आपण फक्त 'वा!' म्हणतो. आणि चार पुतळ्यांपाशी मुलांना नेलं तेव्हा तर मेव्हणाही खर्चाचं बोलला नाही. मे १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ह्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिलं. ऐन यात्रेच्या तोंडावर. आज आपण त्या चौकातून शेंगा खात हिंडतो, ते फुकट नव्हे.

मग फुकट्याने करायचं काय? देणेकरी तर सापडत नाहीत. मला एवढंच सुचतं, की मागच्याला दिसेल अशा बेताने उभं राहावं, शेंगांची टरफलं खिशात घालावी, आणि शेजारचं कुठलं पोर टाचा उंचावत असेल तर त्याला, त्याच्या बापाला विचारून, जरा उचलून घ्यावं. कंबर धरते, पण तेच तिकीट.

हे सगळं मी रात्री मेव्हण्याला सविस्तर समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दाजी, हे व्याख्यानही फुकटच ना?"

मी उत्तर देण्याआधीच स्वयंपाकघरातून त्याची बहीण म्हणाली, "तू ऐक रे खुशाल. त्याचे पैसे मी गेली तीस वर्षं भरतेय."